टाकी फुल केली की वास: मारुती ८००ची पेट्रोल टाकी घरच्या खळ्यात बदलताना

गाडी १९९६ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र). मुक्काम दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मालक माझे चुलतभाऊ, निवृत्त शिक्षक. घरात लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. गाडी पहिल्या दिवसापासून त्यांचीच, त्यामुळे ‘विकून टाका’ हा पर्याय चर्चेला आलाच नाही. तक्रार त्यांच्याच शब्दांत: “अरे, टाकी फुल केली की वास मारतो. अर्धी झाली की जातो. मेस्त्रीला सांगितलं तर तो बॉनेट उघडून बसतो.”

निम्मं निदान या तक्रारीतच होतं. पण ते कुणी नीट ऐकून घेण्याआधी गाडीवर बरेच उपचार होऊन गेले होते. कार्ब्युरेटरचं किट बदललं, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलला. नंतर टाकीच्या तळाला ओल दिसली म्हणून तिथे कपडे धुण्याचा साबण घासून झाला. साबणाच्या उपायाला मी हसणार नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, बारीक चिरेत घट्ट बसतो आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवतो. पण तळाला ओल दिसते म्हणजे तळालाच भोक आहे, असं होत नाही. पेट्रोल वरून ओघळून सगळ्यात खालच्या कडेला थांबतं, तिथून उडून जातं आणि मागे फक्त डाग ठेवतं.

दुसरी तक्रार जोडीला होतीच: चढाला गाडी दम तोडते. पेट्रोल फिल्टर पारदर्शक प्लास्टिकचा होता. काढून पांढऱ्या कागदावर आपटला तर हळदीहून गडद, वीटकरी रंगाची भुकटी पडली. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशीही तीच भुकटी आणि पाण्याचे दोन-तीन टपोरे थेंब, पेट्रोलखाली वेगळे दिसणारे. म्हणजे गंज आतूनही धरलेला होता.

गळती शोधायला कुठलंही यंत्र लागलं नाही, खडू लागला. शिक्षकाच्या घरात त्याला तोटा नव्हता. टाकीचा दिसणारा भाग आणि कडा कापडाने कोरड्या पुसल्या, खडू कुटून त्याची भुकटी ब्रशने सगळीकडे थापली आणि मग पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली. या मॉडेलची टाकी २८ लिटरची. घरी येऊन एलईडी बॅटरी घेऊन खाली वाकलो तर तळ पांढराशुभ्र, कोरडा. मागच्या बाजूला मात्र वरून खाली आलेल्या काळपट ओल्या रेषा. सुरुवात शिवणीच्याही वर, जिथे हात जातो पण नजर पोचत नाही. टाकी वरून गळत होती.

मारुतीची टाकी मागच्या बाजूला फ्लोअरच्या खाली टांगलेली असते. वरचा आणि खालचा असे दाबून घडवलेले दोन पत्रे, कडेने शिवण. टाकीचा माथा आणि गाडीचा फ्लोअर यांच्यामध्ये जेमतेम बोटभर फट. चाकाने उडवलेली जांभ्याची तांबडी माती त्या फटीत जाऊन बसते आणि बसली की निघत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात हवेत मीठ. ती माती दिवाळी उलटली तरी आतून ओलीच असते. तळाचं नशीब बरं: पाऊस त्याला धुतो, वारा सुकवतो, अंडरकोटिंगवाला रंगही तिथेच मारतो. त्यामुळे तळ शाबूत आणि माथा कुजलेला, हा प्रकार किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत नवलाचा नाही. भोकं माथ्यावर असली की पेट्रोल तिथवर पोचल्यावरच गळणार. अर्धी टाकी म्हणून गप्प.

आतल्या गंजाची गोष्ट थोडी वेगळी. ही गाडी पावसाळाभर जवळजवळ उभीच असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते पाणी पेट्रोलबरोबर जळून जातं, फारसं बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत भोकांतून आणि दमट हवेतून पाणी शिरत राहिलं की एका मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. तो थर पत्र्याला खातो. पुढे पिकअप पाइपच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या, तोंडाशीही नेमका तोच असतो. सगळा दोष इथेनॉलवर टाकण्याची सध्या फॅशन आहे. इथे मात्र भोकं आधीची होती.

मग करायचं काय?

मेस्त्रीचं म्हणणं, “पाणी भरून गॅसने मारतो की. कितीक टाक्या मारल्यात.” मारल्या असतील. पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, हे टाकीला हात लावण्याआधी डोक्यात पक्कं हवं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. भरलेल्या टाकीत हवाच कमी. रिकाम्या टाकीत तळाला चमचाभर पेट्रोल उरलं तरी नेमकं हेच मिश्रण तयार होतं. शिवणीच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्यात अडकलेलं पेट्रोल धुतल्यावरही तासन्‌तास वाफ सोडत राहतं. पाणी भरून, वाफेने धुऊन वेल्डिंग करणारे जाणकार कारागीर आहेत, पण ते काम घरच्या अंगणातलं नव्हे. शिवाय इथे माथ्याचा पत्राच उरला नव्हता, वेल्डिंग धरणार कशाला?

आतून इपॉक्सीचं अस्तर देण्याची किटं मिळतात. एखाद-दुसरं भोक असलेल्या, मिळेनाशा झालेल्या टाकीला ती ठीक. आतला गंज पूर्ण निघाला नाही तर अस्तर पापुद्र्यासारखं सुटतं आणि मग फिल्टरमध्ये गंजाच्या जागी तेच येतं. भंगारातली जुनी टाकी कुर्ल्याच्या बाजारात मिळाली असती, पण ती याच वयाची, म्हणजे याच दुखण्याची. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर गाड्या इतक्या आहेत की बाजारात नवी टाकी सहज मिळते, तीही पाच हजारांच्या आत. नवीच घ्यायची ठरली.

घेताना एक गोष्ट दुकानातच तपासावी लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनावर असतो, टाकीत फक्त तरंगणारा फ्लोट आणि पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारं गेज युनिट. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) गाडीत इलेक्ट्रिक पंप टाकीतच बसतो, म्हणून त्या टाकीच्या माथ्यावरचं भोक मोठं आणि आतली रचना वेगळी. दुकानदाराने आधी तीच पुढे केली होती. “आठशेचीच आहे,” हेही खरंच होतं. मॉडेलचं साल सांगून भागत नाही. जुन्या टाकीच्या नळ्या, त्यांची तोंडं आणि बोल्टच्या कानांची जागा यांचे फोटो मोबाइलवर असले की वाद मिटतो.

टाकी उतरवताना

काम खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात केलं, छपराखाली नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि खोलगट जागी साठते. खळं पडवीपेक्षा दोन पायऱ्या खाली, तीन बाजूंनी मोकळं, वारा खाडीकडून. अडचण एकच, मागीलदारचं आंघोळीच्या पाण्याचं चुलाणं. वहिनींना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, “उद्या संध्याकाळपर्यंत चुलाणं पेटवू नका.” त्या म्हणाल्या, “मग गार पाण्याने आंघोळ करा, मला काय.” कोरड्या पावडरचा अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशी. पाण्याची बादली या कामात उपयोगाची नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

टाकी मुद्दाम जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी वापरायला सांगितली होती. पेट्रोलचा लिटर पाऊण किलो भरतो, म्हणजे भरलेली टाकी नुसत्या पेट्रोलानेच वीस किलोच्या वर. शिवाय काढलेलं पेट्रोल ठेवायचं कुठे हाही प्रश्न असतो. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण योग्य भांड्यात. पाण्याच्या बाटल्यांत किंवा तेलाच्या प्लास्टिक कॅनमध्ये नव्हे. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. उरलेलं पेट्रोल हातपंपाने लोखंडी कॅनमध्ये घेतलं, कॅन जमिनीवर टेकवून. तोंडाने नळी ओढण्याची सवय पुष्कळांना आहे. एक घोट फुफ्फुसात गेला तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं, म्हणून ती नकोच.

गाडी उचलताना भाऊंनी सवयीने कोपऱ्यातला जांभ्याचा चिरा पुढे सरकवला. कोकणात गाडीखाली चिरा लावलेला पदोपदी दिसतो. घर बांधायला चिरा उत्तम, गाडीखाली मात्र जिवाला घोर: एका बिंदूवर भार आला की तो कधी भुगा होईल सांगता येत नाही आणि फुटण्याआधी इशाराही देत नाही. जॅकस्टँड आणले होते. खळं मातीचं, म्हणून त्यांच्या खाली फणसाच्या जाड फळ्या. पुढच्या चाकांना लाकडाचे अटकाव. गाडीला सगळ्या बाजूंनी ढकलून पाहिलं, हलली नाही, मगच कुणीतरी खाली गेलं.

मागची सीट उचलली की गेज युनिटच्या वायरचं कपलर मिळतं, ते सोडवलं. तोंडाची जाड नळी, तिच्या बाजूची हवेची बारीक नळी, पुढे जाणारी मुख्य लाइन, कार्ब्युरेटरकडून परत येणारी लाइन आणि वाफेची नळी. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. जुने रबर पाइप ओढून निघत नाहीत आणि ओढायचेही नसतात, खालची धातूची नळी वाकते. पाइप उभा चिरून सोलावा. नाहीतरी तो परत लावायचा नसतोच.

खरी झटापट बोल्टांशी. आठवडाभर रोज संध्याकाळी भाऊ त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत होते, त्यामुळे बाकीचे रिंग पान्याने कुरकुरत का होईना सुटले. मागचा एक मात्र फिरायचं नावच घेईना. अशा वेळी मेस्त्री गॅसच्या ज्योतीने बोल्ट लाल करतो किंवा ग्राइंडर लावतो. टाकी जागेवर असताना या दोन्हीतलं काहीही करायचं नाही. हॅकसॉ ब्लेडने, तेल सोडत, हाताने डोकं कापलं. वेळ गेला. वरचा अडकलेला तुकडा टाकी खळ्याबाहेर गेल्यावर आणि फ्लोअरखाली पेट्रोलचा मागमूस नाहीसा झाल्यावरच काढला.

जॅकवर फळी आणि फळीवर टाकी अशी हळूहळू खाली घेतली. माथा पहिल्यांदा उजेडात आला. दीड बोट जाडीचा तांबड्या मातीचा थर, वरून सुकलेला. करवंटीने खरवडला तर आतून ओला, आणि त्यात टाकी बसवताना लावलेल्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) मूळच्या चार पट्ट्या, पाणी पिऊन काळ्या पडलेल्या. गंज सगळ्यात जास्त होता तो त्या पट्ट्यांखालीच. टाकी वाऱ्यावर उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने खळबळून, पाण्याने भरून उलटी केली. माथ्यातून पाणी चाळणीतून यावं तसं आलं. भाऊ बराच वेळ बघत होते. “आणि मी दर वर्षी खालून रंग काढून घेत होतो,” एवढंच म्हणाले.

नवी टाकी चढवताना

नवी टाकी नवी आहे म्हणून स्वच्छ असेलच असं नाही. आत हात घालून पुसली तर पत्र्याचा कीस आणि तेलकट थर निघाला. थोड्या पेट्रोलने दोनदा खळबळून सुकवली. बाहेरचा कारखान्यातला काळा रंग पातळ असतो. त्यावर प्रायमर, शिवणीवर सीलर आणि मग रबरी अंडरकोट, तळापेक्षा माथ्याला सढळ हाताने. नळ्यांच्या तोंडांवर आणि गेज युनिट बसतं त्या कडेवर काही जाऊ नये म्हणून आधी चिकटपट्टी. नमद्याच्या पट्ट्यांऐवजी भरीव, पाणी न पिणारं रबर लावलं. या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि पुढची पंधरा वर्षं टाकी टिकणार की नाही हे माझ्या मते तीच ठरवणार.

पाइपांत काटकसर करू नये. जुन्या मापाचं साधं रबर इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि वर्षा-दोन वर्षांत आतून सुटायला लागतं. पाइपावर ‘एसएई जे३० आर९’ (पेट्रोलच्या पाइपांसाठीचं मानक) असा छाप पाहून घेतले, आतला व्यास व्हर्नियरने मोजून. घट्ट होतो म्हणून तेल लावून ठोकून बसवलेला किंवा सैल म्हणून क्लिपने आवळलेला, दोन्ही पुढे गळतात. क्लिपाही कडा वळवलेल्या घेतल्या. साध्या क्लिपांची पाती मऊ रबरात रुतते. गेज युनिटला नवं पॅकिंग. ते बसवण्याआधी मल्टिमीटर लावून फ्लोट हळूहळू वर नेला आणि ओहम कुठेही उडी न मारता उतरत जातात ना ते पाहिलं. हे टेबलावर दोन मिनिटांचं काम; टाकी चढवल्यावर तेच करायचं तर पुन्हा सगळं खाली.

चढवताना क्रम उलटा, पण एक फरक: टाकी चार बोट खाली असतानाच माथ्यावरचे पाइप लावून घ्यायचे. पूर्ण चढल्यावर तिथे हात जात नाही. नवे बोल्ट, खाली वायसर, दाताला ग्रीस. आधी पाचच लिटर पेट्रोल घातलं. सगळे जोड कोरडे पाहून मग बॅटरी जोडली. इंजिनावरचा पंप रिकाम्या लाइनमधून पेट्रोल ओढायला वेळ घेतो. थांबत थांबत सेल्फ मारला, गाडी चालू झाली.

काटा मात्र ‘ई’वरून हलेना. भाऊंचा पहिला अंदाज, गेज युनिट गेलं. पण ते टेबलावर ठीक चाललं होतं. सीटखालच्या कपलरपाशी, म्हणजे टाकीच्या तोंडापासून दूर, गेजची वायर टेस्ट लॅम्पमधून बॉडीला लावली तर काटा लगेच चढू लागला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक, गेला तो अर्थ, म्हणजे टाकीचा बॉडीशी असलेला विजेचा जोड. जुनी टाकी गंजक्या बोल्टांतून कशीबशी बॉडीला अर्थ देत होती; नव्या टाकीवर रंगाचे तीन थर आणि खाली रबर. अर्थची वायर जिथे स्क्रूने बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्क्रू आवळला, वरून ग्रीस. काटा चालू.

दुसरी गंमत पंपावर. नोझल दर दोन लिटरला ‘टक्‌’ करून बंद पडायचं. पंपावरच्या पोराने गाडी हलवून पाहिली, नोझल उलटं धरून पाहिलं. पेट्रोल आत जाताना तेवढी हवा बाहेर यावी लागते. नव्या टाकीवर हवेच्या नळीचं तोंड मूळ टाकीपेक्षा थोडं तिरपं होतं, त्यामुळे जुन्या लांबीचा पाइप वळणावर चपटा होऊन दुमडला होता. दोन बोटं लांब पाइप घेऊन, मोठं वळण देऊन बसवला. बाजारातल्या टाक्यांत असे बारीक फरक असतातच. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतात.

टाकीच्या झाकणातलं हवा घेणारं छिद्रही गंजाने बुजलेलं निघालं. ते साफ न करता झाकणच नवं घेतलं. छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. त्यामुळे चढाला दम तोडणं स्वच्छ टाकीने थांबलं की झाकणाने, याचा निवाडा आता करता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बदललं. थांबलं हे खरं.

काठोकाठ भरून खडूची परीक्षा पुन्हा घेतली. सगळीकडे पांढरं.

जुन्या टाकीचं काय? भंगारवाला ती गॅस कटरने कापतो, म्हणून ती चांगली धुऊन, झाकण काढून कित्येक दिवस उन्हात पालथी ठेवली आणि देताना ‘पेट्रोलची आहे’ असं त्याला स्पष्ट सांगितलं. काढलेलं पेट्रोल कॅनमध्ये निवळू दिलं. तळाचा गढूळ थर वेगळा काढला, तो आणि वरचंही मेस्त्रीला पार्ट धुवायला दिलं. खळ्यात ओतायचा प्रश्नच नव्हता, विहीर तीस पावलांवर आहे.

या पावसाळ्यानंतर गाडी पाहिली. आता दर महिन्याला एकदा पाण्याचा पाइप टाकी आणि फ्लोअरच्या फटीत घालून माती धुऊन काढायची, असा भाऊंनी नेम घेतला आहे, आणि उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवतात, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. माथ्यावर हात फिरवला तर अंडरकोट शाबूत, रबर कोरडं. पुढे जाणाऱ्या लोखंडी पेट्रोल लाइनवर मात्र, फ्लोअरच्या क्लिपा जिथे तिला धरतात तिथे, तोच तांबडा फुगवटा दिसू लागलाय. पावसाळा पुन्हा सुरू व्हायच्या आत ती बदलायची आहे. नळीचं माप घेऊन ठेवलंय.